न खाजणारा चट्टा

सौंदडच्या पुढे भातशेतीच्या पट्ट्यात एक गाव आहे. तिथे मी आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. बाळंतपणं, लसी, तापाची रक्तपट्टी, गोळ्या वाटणं हे माझं नेहमीचं काम. दरवर्षी धान कापणीच्या सुमारास त्यात आणखी एक काम येतं, ते म्हणजे कुष्ठरोगी शोधायची मोहीम. घरोघर जायचं आणि माणसांची कातडी बघायची. बायकांची मी बघते, पुरुषांची गावातलेच एक काका बघतात.

पहिल्या वर्षी आरोग्य केंद्रात आमचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेले साहेब निवृत्तीला टेकलेले होते. सगळी नोकरी त्यांनी याच एका रोगामागे घालवली होती. त्यांनी आधी आम्हाला बाकीचे रोग दाखवले. गजकर्ण गोल असतं, त्याची कड लाल आणि उंच, मधे कातडी साफ होत जाते, आणि खाज एवढी की माणूस चारचौघांत खाजवतो. खरूज बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर दिसते, आणि घरात एकाला झाली की सगळ्यांना होते. शिबं छातीवर आणि पाठीवर येतात, नखाने खरवडलं की भुसा निघतो. कोड दुधासारखं पांढरं असतं, पण त्यावर टोचलं तर माणूस हात मागे घेतो. रोवणीच्या दिवसांत बायकांच्या पायाला चिखल्या होतात त्या तर आम्हाला शिकवायची गरजच नव्हती.

मग साहेब म्हणाले, "खाजते, जळजळते, त्याच्यासाठी माणूस स्वतःच डॉक्टरकडे येते. तुम्ही जो शोधून राहिल्या तो चट्टा खाजत नाही, दुखत नाही. फिक्कट असते, नाहीतर तांबूस. त्याच्यावर घाम येत नाही, केस झडतात. माणूस त्याला विसरून जाते. म्हणून तुम्हाला जावं लागते."

तपासायची रीत सोपी होती. समोरच्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक कातडीवर हलकं टेकवायचं, आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला सांगायचं. आम्ही एकमेकींवर करून पाहिलं आणि खूप हसलो. कुणाला गुदगुल्या झाल्या, कुणी डोळे किलकिले करून बघत होतं.

तलावाच्या पाळीजवळ माझी एक मैत्रीण राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. रोवणीला शेताच्या एकाच बांधीत शेजारी शेजारी वाकून आम्ही धान रोवलेलं आहे. त्या वर्षी मोहिमेत तिच्या घरी गेले तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, चल, तुझीही पाठ बघून टाकते. तिने हसत पदर बाजूला केला.

उजव्या खांद्याच्या खाली एक फिकट चट्टा होता. तळहाताच्या निम्म्याएवढा असेल. मला वाटलं शिबं असेल. नखाने खरवडून पाहिलं, भुसा निघाला नाही.

"खाजते काय इथं?"

"कोठं?"

"इथं."

"माहीत नाही. पाठीवरचं कोणाले दिसते?"

मी तिला डोळे मिटायला सांगितलं. आधी चांगल्या कातडीवर, मानेजवळ पेन टेकवलं. तिने लगेच तिथे बोट नेलं. कमरेवर टेकवलं, तिथेही नेलं. मग चट्ट्याच्या मधोमध टेकवलं. ती बसून राहिली. मी पेन उचलून पुन्हा टेकवलं, थोडं दाबून. ती तशीच बसून राहिली. बाहेर कुणाच्या तरी बकऱ्या जात होत्या, त्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कर ना सुरू. कायले थांबली?"

तोवर मी कितीतरी लोकांची कातडी पाहिली होती, पण खरा चट्टा पहिल्यांदाच सापडला होता, आणि तो तिच्या पाठीवर होता.

मी तिला सांगितलं. शिकवलं होतं तसंच सांगितलं, की हा रोग बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात मिळतं, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होत नाही, घाबरायचं काही कारण नाही. हे सगळं मी भराभर, अगदी पाठ असल्यासारखं बोलले. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. शेवटी तिने माझं मनगट धरलं.

"कागदावर माह्यं नाव लिहू नको. माह्या सासूले समजलं तर ते मले माहेरी पाठवते. मी माह्या मनानं जाईन दवाखान्यात. पण तू लिहू नको."

संशयित रुग्णांच्या यादीत तिचं नाव लिहिणं माझं काम होतं. मी लिहिलं नाही. ती जाईन म्हणाली त्यावर विश्वास ठेवला असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिची ती मनगटावरची पकड सुटायला हवी होती, आणि तिथून निघायचं होतं. ती दवाखान्यात गेली नाही. मी दोनदा विचारायला गेले. एकदा ती शेतात गेल्याचं सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा दार आतून बंद होतं आणि आत बांगड्या वाजल्या. त्यानंतर मी गेले नाही. हापशीवर भेट झाली तर आम्ही दोघी पाण्याबद्दल बोलायचो.

होळीच्या आदल्या दिवशी मी घरी भजी तळत होते. घरात आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि तेव्हा आठ वर्षांची असलेली माझी मुलगी. नवरा कोहमाऱ्याच्या चौकात टायरच्या दुकानात काम करतो, तो त्या दिवशी लवकर आला होता. आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवत होते तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"हाताले काय झालं तुह्या?"

"कुठे?"

"मागं. कोपराजवळ. केवढा फोड आला."

मी हात वळवून पाहिला. कोपराच्या थोडं खाली, बाहेरच्या बाजूला, मोठ्या बोराएवढा पाण्याचा फोड होता. तेल उडालं असणार. मला कळलंच नव्हतं.

"आई, दुखलं नाही फारसं," मी म्हणाले.

"एवढा फोड अन् दुखलं नाही म्हणते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी शेणाच्या हाताने तिथेच बसून राहिले. फोडाच्या भोवतीची कातडी बाकीच्या हातापेक्षा फिकट होती. त्या फिकटपणाला कड होती. तिथे लव नव्हती. हा डाग मी आधी पाहिला नव्हता असं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून तिथे काहीतरी आहे हे मला माहीत होतं. बाहीच्या कडेला उन्हाची रेघ असेल असं मी मानून टाकलं होतं. गावातल्या सगळ्यांची कातडी मी उजेडात नेऊन बघत होते आणि स्वतःचा हात कधी उजेडात धरला नव्हता.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. ऊन वाढलं होतं तरी लांब बाह्यांचं ब्लाऊज घालायचे. मुलगी अंगावर यायला लागली की तिला दूर करायचे. ती विचारायची, "मम्मी, काऊन ढकलून राहिली?" मी काम आहे म्हणायचे. नवऱ्याच्या शेजारी झोपताना हात पोटाखाली दाबून ठेवायचे. गोळ्या सुरू झाल्या की लागण होत नाही हे मला ठाऊक होतं, पण माझ्या गोळ्या सुरू कुठे होत्या? रोज सांगते त्या सगळ्या गोष्टी मला पाठ होत्या. त्यातली एकही तेव्हा कामी आली नाही. डोळ्यांपुढे सारखा एकच माणूस यायचा. लहानपणी माहेरच्या आठवडी बाजारात तो पायरीवर बसायचा. त्याच्या हातांना बोटं नव्हती, आणि आई मला त्याच्या समोरून नेताना पदराने माझं तोंड झाकायची.

मला तपासून बघायचं होतं. घरात कोणी नसताना दार लावून मी पेन घेऊन बसले. डोळे मिटले आणि उजव्या हाताने डाव्या कोपराखाली टेकवलं. मग लक्षात आलं की हे असं होत नाही. टेकवणारा हात माझाच, त्यामुळे कुठे टेकवलं ते मला माहीतच असतं. खरंच लागलं की नुसतं लागल्यासारखं वाटलं, हे कळायला मार्ग नाही. पाच-सहा वेळा केलं. एकदा वाटलं लागलं, एकदा वाटलं नाही. शेवटी मी पेन एवढं दाबलं की कातडीतून रक्ताचा थेंब आला. तो मी बघत होते आणि मला काहीच होत नव्हतं.

तरीही मी स्वतःला म्हणत होते की दुसऱ्या कुणीतरी करून पाहायला हवं, तेव्हाच खरं. दुसरं कोण? नवऱ्याला सांगायची हिंमत नव्हती. दवाखान्यात सगळे मला ओळखत होते. गावात अशी एकच बाई होती जिला मला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

दुपारी मी तिच्या घरी गेले. तिने दार अर्धं उघडलं.

"मी जाईन म्हटलं ना तुले. आता पुन्हा कायले आली?"

"तुझ्यासाठी नाही आले," मी म्हणाले आणि बाही वर केली.

तिने बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं, मग दार पूर्ण उघडलं. आम्ही आतल्या खोलीत खिडकीजवळ बसलो. मी तिला पेन दिलं, पण ते तिने घेतलं नाही. खराट्याची एक काडी मोडून आणली. मी डोळे मिटले.

मनगटावर लागलं, मी बोट ठेवलं. दंडावर लागलं, मी बोट ठेवलं. मग बराच वेळ काही नाही. मी वाट बघत होते. तिच्या श्वासाचा आवाज अगदी जवळून येत होता. मला वाटलं ती जागा शोधते आहे.

"लाव ना," मी म्हणाले.

मी डोळे उघडले तेव्हा तिने काडी खाली ठेवली होती आणि ती तोंडावर पदर धरून बसली होती.

"तीनदा लावली," ती म्हणाली.

मी तिथे रडले नाही. दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले. तिने पाणी आणून दिलं. मग माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "उद्या जाऊ. दोघी जाऊ. एकटी मी गेली नसती."

दुसऱ्या दिवशी आम्ही काळीपिवळी जीपने सडक अर्जुनीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. चिठ्ठीच्या रांगेत आमच्याच गावची एक म्हातारी भेटली, डोळे दाखवायला आलेली. तिने विचारलं, "काऊन आल्या दोघी?" आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "पेशंट घेऊन आले."

माझी मैत्रीण माझ्याकडे वळून बघू लागली. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढे सरकली. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. स्वतःला वाचवायला मी तिला पुढे केलं होतं.

योगायोगाने त्या दिवशी तिथे तेच साहेब होते ज्यांनी आम्हाला शिकवलं होतं. मला बघून म्हणाले, "या आशाताई, किती आणले?" मी म्हणाले, "दोन. एक मीच आहे." त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. त्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "बसा."

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी माझा हात पाहिला. कोपराच्या मागे, आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत एक नस असते. ती त्यांनी बोटांनी चाचपली आणि दुसऱ्या हाताची चाचपून तुलना केली. डावीकडची किंचित जाड होती. चट्टा एकच. नस दुखावली की बोटांतलं बळ जातं, म्हणून माझ्या बोटांमधे कागद धरायला सांगून त्यांनी तो ओढला. मी तो घट्ट धरून ठेवला.

मग तिची पाळी. मी पडद्याच्या आत तिच्यासोबत गेले. डॉक्टर मोजत होत्या आणि साहेब बाहेर लिहून घेत होते. पाठीवर तीन, कमरेवर दोन, मांडीच्या मागे दोन, एकूण सात. कापणीच्या वेळी मी एकच पाहिला होता. तेव्हा बाकीचे नव्हते, की तो एक पाहून घाबरल्यावर मी पुढे पाहिलंच नाही, हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनी तिच्या करंगळी आणि शेजारच्या बोटामधे कागद दिला आणि ओढला. कागद सहज निघून आला. तिला वाटलं आपण नीट धरला नाही. "आणखी एकदा द्या," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही निघून आला.

बाहेर आल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. चट्टा कापणीलाच सापडला होता, मी नाव लिहिलं नाही. ते रागावतील, तक्रार करतील असं वाटत होतं. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"चार महिने गेले," ते म्हणाले. "बोटं चार महिने थांबत नाहीत, ताई."

मला सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, तिला वर्षभराच्या. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल होईल, हळूहळू कातडी काळवंडेल, नंतर ते जाईल, हे त्यांनी सांगितलं. घरच्या सगळ्यांची तपासणी करायची आणि त्यांना प्रतिबंधाचा एक डोस द्यायचा, हेही सांगितलं. म्हणजे घरी सांगणं आलंच.

नवऱ्याला मी संध्याकाळी अंगणातल्या नळापाशी सांगितलं. तो हातपाय धूत होता. ऐकून त्याने नळ बंद केला. त्याने विचारलं, "पोरीले?" तोच एक प्रश्न त्याच्या तोंडून निघाला. मी म्हणाले, माहीत नाही, बघावं लागेल. आम्ही दोघांनी मुलीला आतल्या खोलीत नेलं, लाइटखाली उभं केलं आणि डोक्याच्या भांगापासून टाचेपर्यंत पाहिलं. ती हसत होती, तिला खेळ वाटत होता. तिच्या अंगावर डासांच्या चाव्यांशिवाय काही नव्हतं. नवरा खाली बसला. मग म्हणाला, "तुले हात दुखते काय?"

"नाही. तेच तर आहे."

सासूबाईंनी त्या रोगाचं नाव कधीच घेतलं नाही. त्यांनी माझं ताट वेगळं केलं. मुलीला स्वतःजवळ झोपवायला लागल्या. मी सांगून पाहिलं, गोळ्या सुरू झाल्या, आता लागण होत नाही. त्या म्हणाल्या, "तुह्या कागदात लिहून असेल. माह्या माहेरी एका बाईले तलावाच्या पलीकडं झोपडं बांधून देल्लं होतं. तिचा पोरगा इकडून भाकर ठेवून ये. मी पायलं ते." मला राग आला नाही. मीही तीन आठवडे तेच केलं होतं, मुलीला ढकलत होते. आणि मला तर सगळं शिकवलेलं होतं, त्यांनी फक्त पाहिलेलं होतं.

आरोग्य सेविका घरी येऊन सगळ्यांना तो डोस देऊन गेली तेव्हा सासूबाईंनी गोळ्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. "हे खाल्लं की होत नाही?" त्यांनी विचारलं. सेविका म्हणाली, धोका कमी होतो. "कमी म्हणजे किती?" त्या म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. ताट मात्र पुढे रोवणीपर्यंत वेगळंच राहिलं. मग घरात पाच-सहा रोवणारणी जेवायला येऊ लागल्या, घाईत ताटं एकत्र घासली जाऊ लागली, आणि कुणी काही न बोलता ते संपलं.

माझा रंग काळवंडला. गावात लोक म्हणाले, उन्हात फार फिरते. माझी मैत्रीणही काळवंडली, पण तिच्या घरी तोवर कळलं होतं. तिची सासू तिला माहेरी पाठवायला निघाली होती. मी तिच्या अंगणात जाऊन, सासूच्या समोर, बाही वर करून माझा हात दाखवला. मी एवढंच म्हणाले, "मलाही आहे. मला काढा आधी गावातून." त्या बाईने माझ्या हाताकडे बघितलं. आठ दिवसांनी माझ्या मैत्रिणीचा नवरा सायकलवर तिच्या गोळ्या आणायला गेला.

माझ्या सहा महिन्यांच्या गोळ्या झाल्या. चट्ट्याच्या कडेला आता लागतं. मधे अजूनही एक जागा आहे जिथे लागत नाही. स्वयंपाक करताना मी कपडा गुंडाळते. मैत्रिणीच्या गोळ्या वर्षभराने संपल्या. तिची करंगळी थोडी वाकलेली राहिली. रोज तेल लावून ती बोटं ताणते, साहेबांनी दाखवलं तसं. भात कालवताना ती बोटं जुळत नाहीत, म्हणून ती चमचा वापरते. तिने मला कधी दोष दिला नाही. तिची करंगळी मात्र मला रोज दिसते.

गेल्या थंडीत मुलीच्या गालावर एक फिकट डाग आला. मी तिची वेणी घालत होते. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि पदराचं टोक गालाला लावलं. ती म्हणाली, लागते. पण चेहऱ्याचं तसं कळत नाही, चेहऱ्याला आजूबाजूच्या नसांमुळेही जाणवत असतं, हे मला साहेबांनीच शिकवलं होतं. मी तिला शाळेत पाठवलं नाही. नवरा दुकानात गेला नाही. सासूबाई देवापाशी जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी डाग उजेडात पाहिला, बोटाने हलकं घासलं. बारीक कोंडा होता, कड पुसट होती. थंडीने मुलांच्या कोरड्या कातडीवर असं येतं, त्या म्हणाल्या. तेल लावा, दोन महिन्यांनी दाखवा.

ते दोन महिने मी रोज सकाळी तिला दारात, उन्हाकडे तोंड करून उभं केलं. ती कंटाळायची. "मम्मी, शाळेले उशीर होऊन राहिला." मी म्हणायचे, थांब जरा. कोंडा गेला, मग डागाचा रंग हळूहळू गालाच्या रंगात मिसळत गेला. एका सकाळी मी बघायला गेले तर सासूबाई आधीच तिला उन्हात घेऊन बसल्या होत्या. हनुवटी धरून, डोळे बारीक करून बघत होत्या. मला म्हणाल्या, "मले तर काही दिसत नाही. तू पाय."

मी पाहिलं. मलाही काही दिसलं नाही.